हिकरीच्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

नॉर्थ कॅरोलायनातल्या हिकरी गावी जुन्या गाड्यांची शर्यत दाखवायच्या आमच्या सहलीला तुम्ही दोन स्टार दिलेत आणि कारणंही मोकळेपणाने लिहिलीत. शार्लटला एवढा मोठा स्पीडवे (गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक) असताना आम्ही तुम्हाला तासभर व्हॅनमध्ये बसवून ‘गावातल्या छोट्याशा रिंगणावर’ नेलं, तिथे ‘भंगारातल्या गाड्या हळूहळू गोल फिरत होत्या’, कुणी कुणाला धडकलं नाही की काही थरार नाही, मध्येच बराच वेळ सगळं ठप्प झालं, आवाजाने छोट्याचे हाल झाले आणि खायला गार वडे मिळाले, असं तुमचं म्हणणं. एकेका गोष्टीचं उत्तर देतो. भारतातून आलेल्या आई-बाबांना कुठे फिरवावं म्हणून हे रिव्ह्यू वाचणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आधी ट्रॅकचं बोलू. हिकरी मोटर स्पीडवेची एक फेरी ०.३६३ मैलांची आहे, म्हणजे जेमतेम ५८४ मीटर. शार्लटचा ट्रॅक दीड मैलाचा. हे दोन्ही आकडे आमच्या सहलीच्या माहितीत वरच दिलेले आहेत, आणि हिकरी आम्ही निवडलं तेच ते लहान आहे म्हणून. मोठ्या स्पीडवेवर गाड्या पलीकडच्या बाजूला गेल्या की लोक मान वर करून पडद्याकडे बघत बसतात. हिकरीला अख्खी शर्यत सतत डोळ्यांसमोर असते. ड्रायव्हर वळणात स्टिअरिंग किती उलटं फिरवतोय, कुणाचा मागचा टायर सुटतोय, कोण आतल्या बाजूने घुसायला बघतोय, हे कठड्याजवळच्या बाकावरून साध्या डोळ्यांनी दिसतं. टीव्हीवर पाहिलेली कुस्ती आणि जत्रेच्या फडात मातीला लागून बसून पाहिलेली कुस्ती, यांत जो फरक तोच इथे.

आणि या ‘गावातल्या रिंगणा’ला इतिहास आहे. ट्रॅक १९५१ साली सुरू झाला, तेव्हा तो मातीचा होता. १९५३ ते १९७१ या काळात नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, सर्वांत वरच्या मालिकेच्या शर्यती इथे व्हायच्या. ज्युनियर जॉन्सन आणि रिचर्ड पेटी यांच्यासारखे नावाजलेले ड्रायव्हर इथे जिंकलेत. नेड जॅरेट तर याच भागातला, न्यूटन गावाकडचा, घरची लाकूड कापायची गिरणी. १९५२ साली तो इथेच पहिल्यांदा शर्यतीत उतरला. मुलाने गाडी पळवू नये असं वडिलांचं मत होतं, म्हणून काही काळ तो गाडीतल्या भागीदाराच्या नावावर शर्यतीत उतरत राहिला. वडिलांना पत्ता लागला, तेव्हा चालवणारच असशील तर निदान स्वतःच्या नावाने तरी चालव, असं त्यांनी सुनावलं. पुढे १९६१ आणि १९६५ साली नेड जॅरेट नॅसकारचा विजेता झाला, आणि १९९९ साली त्याचा मुलगा डेल. अमेरिकेतला हा खेळ असाच वाढला, अशाच गावांतून, अशाच ट्रॅकवर. आई-बाबांना अमेरिका दाखवायची तर ही बाजूही दाखवावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही सहल सुरू केली.

आता गाड्यांबद्दल. ‘भंगार’ हा शब्द मला लागला, हे स्पष्टच सांगतो. त्या रात्री पळालेल्या गाड्यांत जुन्या फोर्ड कूपे होत्या, पन्नास-साठच्या दशकांतल्या शेवरले होत्या. स्टॉक कारची ही शर्यत मुळात शोरूममधून घेतलेल्या गाडीची होती. नॅसकारच्या त्या वरच्या मालिकेची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी तुमच्या शार्लटमध्येच झाली, आणि सर्वांत पुढे आलेल्या ग्लेन डनवेला बाद ठरवलं गेलं, कारण तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. चोरटी दारू वाहून नेणारे तशा स्प्रिंगा बसवायचे, म्हणजे लादलेली गाडी मागून खाली बसत नसे. जिंकला मग जिम रोपर. त्या काळातल्या गाड्या कुणीतरी गोठ्यातून, शेडमधून बाहेर काढतो, वर्षानुवर्षं खपून उभ्या करतो आणि संग्रहालयात ठेवायचं सोडून ट्रॅकवर उतरवतो. असं करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

कुणी कुणाला धडकलं नाही, ते याचमुळे. या गाड्यांचे मूळ पत्रे आणि सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, काही हाताने बनवून घ्यावे लागतात. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत धक्का मारून पुढे जाणं म्हणूनच कुणी खपवून घेत नाही. बहुतेक वेळा ड्रायव्हर स्वतःच मालक असतो. पुढच्याला ओलांडायचं तर ब्रेक त्याच्यापेक्षा उशिरा दाबायचा, आतली रेघ धरायची आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल आधी द्यायचा, एवढंच हातात असतं. आणि ‘हळूहळू’ म्हणाल, तर एका फेरीला वीस सेकंदही लागत नाहीत. म्हणजे दोन्ही टोकांची वळणं धरून सरासरी ताशी शंभर किलोमीटरच्या वर, तेही पॉवर स्टिअरिंगशिवाय. सरळ रस्ता संपतो न संपतो तोच पुढचं वळण हजर. हातांना उसंत नाही.

तुमच्या बाबांना हे आमच्या सगळ्यांच्या आधी समजलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेला माणूस! शर्यतीआधी आम्ही पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागी गेलो, तेव्हा एक आजोबा टायरभोवती टेप गुंडाळून घेर मोजत होते. डावा मोजला, उजवा मोजला, आकडे खडूने टायरवर लिहिले. उजवा मोठा निघाला, तेव्हा बाबांनी मला विचारलं, हा चुकून तर नाही ना? चुकून नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली असतात आणि शर्यतभर गाडी डावीकडेच वळते. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून उजव्या टायरचा घेर मुद्दाम मोठा ठेवतात. हवेचा दाब थोडा कमी-जास्त केला तरी हा फरक बदलतो आणि गाडीचं वळणातलं वागणं बदलतं. त्यानंतर त्या दोघांचं खाणाखुणांनी जे काही चाललं होतं, ते बघायला तुम्ही तिथे असायला हव्या होतात. छोटा तेव्हा झोपला होता, म्हणून तुम्ही व्हॅनमध्ये थांबलात. पिटचा हा पास सहलीच्या पैशांत धरलेला असतो. मोठ्या शर्यतीत गाडीला इतकं खेटून उभं राहायला सहसा कुणी देत नाही.

मध्ये शर्यत थांबली, कारण एका गाडीचं ऑइल सांडलं. डांबरावर तेल असताना गाड्या सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यावर तेल शोषणारी पावडर पसरतात, तेल शोषलं गेलं की ती झाडतात आणि मगच हिरवा झेंडा. जुन्या इंजिनांच्या शर्यतीत हे होणारच. त्या वेळात कंटाळा येतो हे मान्य, पण त्यावर उपाय कुणाकडे नाही आणि नसावाही.

आवाजाचं तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि ही गोष्ट मी हलकी घेत नाही. इंजिनांचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, लहान मुलांच्या कानांना तो सोसत नाही. म्हणून व्हॅनमध्ये प्रत्येकाला इअरप्लग आणि मुलांना कानावर बसणारे इअरमफ देतो. छोट्याने ते काढून टाकले, या वयाची मुलं काढतातच. सहा वर्षांखालच्या मुलांना शक्यतो आणू नका असं आम्ही बुकिंगच्या वेळी सांगतो, ते यासाठी. इतर वाचकांनाही तेच सांगेन. श्रवणयंत्र लावणाऱ्या ज्येष्ठांनी गाड्या सुरू होण्याआधी ते काढून ठेवावं आणि वरच्या रांगेत बसावं.

वडे गार होते, हो. ट्रॅकवर हॉट डॉग, बर्गर, फ्राइज यांपलीकडे फारसं काही मिळत नाही. शाकाहारी मंडळींची पंचाईत होते, म्हणून वडे, चटणी आणि दहीभात आम्ही घरून करून नेतो. पार्किंगमध्ये गरम करायची सोय नाही.

तुम्हाला वेग, गर्दी, विमानांची सलामी असं सगळं हवं असेल, तर मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या आदल्या रविवारी, शार्लटला सहाशे मैलांची शर्यत असते. चारशे फेऱ्या, संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपणारी. तिथे तुम्हाला आमची गरजही नाही, तिकीट थेट ट्रॅककडून घ्या, स्वस्त पडेल. छोट्याला मात्र तिथेही नेऊ नका.

बाबा अजून इथे असतील आणि त्यांना पुढच्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीला यायचं असेल, तर फक्त त्यांचं ट्रॅकचं तिकीट काढा. घरून नेण्या-आणण्याचं मी बघतो, त्याचे पैसे नकोत.