मामांचा रुमाल

मामा आले, नाणं पुसलं, गेले. घटना एवढीच. घरातल्यांच्या मते तर ही घटनाच नाही.

नाणं १९६९ सालचं, गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, आणि मुख्य म्हणजे मुंबईच्या टाकसाळीतलं प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं. खिशात खुळखुळायला काढलेलं नाणं वेगळं आणि प्रूफ वेगळं. ठसे घासून आरशासारखे करायचे, कोरी चकतीही तशीच चकचकीत घ्यायची, आणि यंत्राने सावकाश, एकाहून जास्त वेळा दाब द्यायचा. मग सपाट भागात आपलं तोंड दिसतं आणि कोरीव रेघन्‌रेघ उठून येते. अशा नाण्याला धरायचं ते फक्त कडेला, दोन बोटांत. हे मी मामांना सांगितलं होतं. त्यांनी मानही डोलावली होती.

मामा म्हणजे बायकोचे मामा. त्यांनी नाणं हातात घेतलं आणि चौकशी सुरू केली.

"किती रुपयांचं?"

"दहा."

"दहालाच मिळालं?"

"नाही, जास्त द्यावे लागले."

"म्हणजे जावईबापू, तुम्ही दहा रुपये दहापेक्षा जास्त पैसे देऊन विकत घेतलेत."

"तसं नाही मामा, हे प्रूफ..."

"आणि खर्चही करणार नाही?"

"नाही."

मामा थोडा वेळ गप्प बसले. माझ्याबद्दल वाईट बोलायचं नाही असं ठरवलेल्या माणसाची ती शांतता होती. मग म्हणाले, "चांदी तरी शुद्ध आहे ना?"

"८० टक्के."

"म्हणजे २० टक्के भेसळ! आणि तीही सरकारी!"

त्यांना जरा धीर यावा म्हणून मी सांगितलं, की हे तर बरंच म्हणायचं. १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविशीचं दहा रुपयांचं नाणं निघालं त्यात चांदी ५० टक्क्यांवर आली होती.

"तेही घेतलंत?"

"हो."

मामांनी भाचीकडे पाहिलं. भाचीने खिडकीबाहेर पाहिलं.

"बरं, हे कडेला काळं का पडलंय?"

इथे मला खरं तर आनंद झाला होता. कारण ती काळपट-निळसर झाक हीच त्या नाण्याची शोभा होती. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचा हळूहळू संबंध येतो, सिल्व्हर सल्फाइडचा अगदी पातळ थर बसतो, आणि नशीब चांगलं असेल तर असे रंग उमटतात. अर्ध्या शतकाचं काम ते. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनीही तोंड उघडलं. नाण्यावर "हाऽऽ" करून, चष्म्यावर सोडतात तशी वाफ सोडली आणि खिशातून रुमाल काढला.

तो रुमाल मी जन्मात विसरणार नाही. तपकिरी चौकडीचा, चार घड्यांचा, आणि दहाच मिनिटांपूर्वी त्याने मानेवरचा घाम टिपलेला. अंगठा महात्माजींच्या गालावर दाबून मामांनी गोल गोल घासायला सुरुवात केली. "अहो मामा, मामा" म्हणत मी पोचेपर्यंत काम झालं होतं.

"आता बघा! नवं कोरं!"

दिव्याखाली तिरकं धरून बघितलं. आरशावर बारीक ओरखड्यांचं जाळं, अगदी रुमाल फिरला त्याच दिशेने गोलाकार. हे जात नाहीत. बोटाचा तेलकटपणा नाणं वेळीच ॲसिटोनमध्ये बुडवलं तर निघतो, ॲसिटोन चांदीला काही करत नाही. पण ओरखडा म्हणजे धातूच हललेला. त्याला औषध नाही. दर्जा ठरवणारे लोक ७० पर्यंतचे गुण देतात, आणि प्रूफचे गुण कापायला त्यांना सगळ्यात आधी असलेच ओरखडे दिसतात.

आणि यावर घरचा निकाल काय? "पुसलंच ना फक्त? एवढं तोंड पाडून काय बसायचं?" मामांच्या हातून कप फुटला असता तर मामाच ओशाळले असते आणि सगळ्यांना कळलं असतं की काहीतरी मोडलं. इथे मोडलेलं आधीपेक्षा जास्त चमकतं, त्यामुळे उलट मीच आभार मानायचे. बाजारातही तेच. जुनी प्रूफ नाणी विकणारे अर्धेअधिक "एकदम चकाचक" म्हणून जी पुढे करतात ती कुठल्या ना कुठल्या मामांच्या हाताखालून गेलेली असतात, आणि वर किंमत चढवून सांगतात! न पुसलेलं दाखवा म्हटलं की "काळं कशाला पाहिजे?" उरलीसुरली पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत कोंबलेली, हिरवट चिकटा धरलेली. या देशात चांदी दिसली की हात शिवशिवतातच. तिला कुणी नुसतं बघत म्हणून नाही.

काल मामांचा फोन आला होता. दात घासायच्या पावडरीने चांदी आणखी उजळते म्हणे. "ते ५० टक्केवालं काढून ठेवा," म्हणाले, "त्याला जास्त घासावं लागेल."