ओळखीचा पहारेकरी

रविवारी संध्याकाळी सहा वाजता कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दिवाणखान्यातला टीपॉय भिंतीला सरकवला जातो, सतरंजी अंथरली जाते आणि माझ्या वयाला न शोभणाऱ्या एका संकटाला तोंड फुटते. भाचीच्या कंपूतला चौथा गडी नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची जागा भरायला, वकिलाकडे तीस वर्षे कारकुनी करून घरी बसलेला मामा फुकटात उपलब्ध होता. खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली आणलेला हा खेळ कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि अखंड वादावादी एवढ्या भांडवलावर चालतो. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात आणि त्यांचे बेत फळले की फसले, हे फासा ठरवतो.

मारामारीची मला पहिल्यापासून धास्ती. म्हणून मी जादूगार झालो आणि मंत्रही समोरच्याचे मन वळवणारेच निवडले. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या वशीकरणाच्या जाहिराती वाचत वाढलेल्या माणसाची समजूत अशी असते, की एकदा मंत्र पडला की समोरचा आपला गुलाम. खेळाचे नियम त्या जाहिरातींपेक्षा फारच प्रामाणिक निघाले, आणि माझे सगळे हाल त्या प्रामाणिकपणामुळेच झाले.

‘चार्म पर्सन’ हा मोहिनी घालणारा, पहिल्या पायरीचा मंत्र. तो टाकला की समोरच्याला सुटकेसाठी एक फासा टाकू द्यावा लागतो. त्याला सेव्हिंग थ्रो म्हणतात. त्याने किती दान पाडायला हवे हे माझ्या कुवतीवरून ठरते : मुळातले आठ, अनुभवाचे दोन, बुद्धीचे तीन, एकूण तेरा. साध्या पहारेकऱ्याला स्वतःची काही भर घालता येत नसल्यामुळे वीसपैकी बारा वेळा तो माझ्या जाळ्यात यायला हवा. पहिल्या रविवारी त्याला सतरा पडले. त्यात हा मंत्र मनातल्या मनात म्हणता येत नाही. तो मोठ्याने उच्चारावा लागतो आणि सोबत हातवारे करावे लागतात. खेळ भाची चालवते. तिचे राज्य उत्तरेकडचे, बर्फाळ, किल्ल्याकिल्ल्यांचे आहे, पण तिथले सगळे पहारेकरी मंगळवार पेठेत जन्मलेले असतात. त्यामुळे समोर उभा राहून हात नाचवणाऱ्या माझ्याकडे बघत त्याने शांतपणे विचारले, “काय रं, अंगात आलंय काय?” उरलेला रविवार आम्ही पळण्यात घालवला.

पुढच्या रविवारी त्याला चार पडले. मी सतरंजीवरच ताठ बसलो आणि फर्मावले, “दार उघड!”

“मामा,” भाची म्हणाली, “तो तुमचा ओळखीचा झालाय, नोकर नाही.”

नियम खरोखरच तेवढाच आहे. मोहिनी पडलेला माणूस तुम्हाला स्नेहातला परिचित समजतो, तुमच्यावर हात उचलत नाही आणि तुमचे बोलणे गोडीने ऐकतो. पण त्या परिचयाखातर नोकरी घालवायची की नाही, हे त्याचे तोच ठरवतो. आणि कोल्हापुरी माणूस परिचिताचे काय करतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. “दाराचं ऱ्हाऊ दे वो, आधी घरी चला. जेवल्याबिगर सोडत न्हाई.” मी नको नको म्हणत असताना त्याने मला किल्ल्याबाहेरच्या आपल्या घरी नेले, मटण आणायला पोराला पिटाळले आणि माझ्या खानदानाची चौकशी सुरू केली. मंत्राचा अंमल एक तासाचा. मटण शिजायला तेवढा वेळ लागतोच. पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी माझ्या ताटाशी टेकली आणि तास भरला. अंमल उतरला की आपल्यावर कोणी मोहिनी घातली होती हे त्या माणसाला कळते, असेही नियम सांगतो. वाढणारा हात तसाच थांबला, मग त्याने ती पळी उलटी धरली.

आमच्यातला धर्मगुरू झालेला मुलगा ‘कमांड’ वापरतो. हा एका शब्दाचा हुकूम असतो आणि तो जेमतेम सहा सेकंदांचे काम करवून घेतो. समोरच्या दरोडेखोराने तलवार टाकावी म्हणून त्याने “सोड!” असा हुकूम सोडला. दरोडेखोराच्या दुसऱ्या हातात कुत्र्याची साखळी होती. त्याने ती सोडली.

मी तिसऱ्या पायरीवर पोहोचलो तेव्हा ‘सजेशन’ हा मंत्र हाती आला आणि इथे तरी आपले तीस वर्षांचे लेखनकौशल्य कामी येईल असे वाटले. वाजवी वाटेल असा सल्ला एकदोन वाक्यांत सांगायचा. तो पटला तर माणूस आठ तासांपर्यंत त्याबरहुकूम वागतो. स्वतःला भोसकून घे, असले काही सांगितले तर मंत्र तिथेच संपतो. मात्र आपला लढाऊ घोडा पहिल्या भेटेल त्या भिकाऱ्याला देऊन टाक, असे सरदाराला सांगता येते, असे उदाहरण खुद्द २०१४ च्या नियमपुस्तकात आहे. मी खजिनदारासाठी रात्र जागवून मसुदा केला : “सदर खजिनदार यांनी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता व नशापाणी न करता, तिजोरीची किल्ली दुरुस्तीकामी…” पोरे लोळून हसू लागली. वशीकरणाच्या मंत्रात ‘कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ लिहिणारा जादूगार त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. वाक्य एकच असल्यामुळे भाचीला ते मान्य करावे लागले, किल्लीही मिळाली. पण हा अंमल टिकवायला सतत लक्ष एकवटून ठेवावे लागते. तेवढ्यात कुठूनसा बाण लागला. लक्ष टिकवायला दहा हवे होते, मला तीन पडले. खजिनदाराने किल्ली काढून घेतली, पोचसुद्धा न देता.

१९७८ च्या जुन्या नियमपुस्तकात मात्र मला मनापासून पटलेली एक सोय होती. मोहिनीतून सुटण्याची पुढची संधी कधी मिळणार, हे तिथे बळीच्या बुद्धीवर ठरत असे : अतिहुशाराला रोज, आणि ठार मठ्ठाला तीन महिन्यांतून एकदा. वकिलाच्या कचेरीतली पक्षकारांची रांग तीस वर्षे पाहिलेल्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही.

गेल्या रविवारी डाव उलटला. शत्रूपक्षाच्या चेटकिणीने माझ्यावरच चार्म पर्सन टाकला. मला पाच पडले.

“मामा, ती आता तुमच्या ओळखीची. तिच्यावर हल्ला करता येणार नाही. बाकी काय करायचं ते तुम्ही ठरवा.”

मी ठरवले. इतक्या थंडीत बाईमाणूस उपाशी कसे पाठवायचे? मी तिला आमच्या तळावर नेले, बसायला घोंगडे दिले आणि रस्सा उकळेपर्यंत गप्पांच्या ओघात उद्याच्या हल्ल्याचा सगळा बेतही सांगून टाकला. धर्मगुरूने कपाळाला हात लावला. भाचीने घड्याळाकडे पाहिले.

“तास संपला. तिनं मोहिनी घातली होती, हे तुम्हाला कळलंय.”

“कळलं,” मी म्हणालो, “पण पान वाढलंय, आता तिला जेवू दे.”