गप्पींसाठी गणपतीचा पंप

आमच्या गप्पी माशांचं दुखणं ओळखलं ते दारावर येणाऱ्या मासळीवालीनं. पाटी उतरवता उतरवता तिनं हॉलमधल्या टाकीकडे पाहिलं आणि निकाल दिला, "उदक हालूंक जाय मरे!" म्हणजे पाणी हलायला हवं.

सगळ्या गप्पी वर येऊन तोंडं उघडमीट करत होत्या. त्यात फोंड्यातला मे महिना. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे फार तर ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात.

"बुडबुडे सोड," असा घरात एकमुखी ठराव झाला. बुडबुड्यांची जरा जास्तच कीर्ती आहे. वर जाताना ते देतात तो प्राणवायू किरकोळ. त्यांचं खरं काम खालचं पाणी वर आणण्याचं आणि वरचा थर हलवण्याचं. हवा पाण्यात मिसळते ती तिथूनच. हे समजावून सांगेपर्यंत भावानं स्वस्तातला एअर पंप आणलासुद्धा.

आता पंप टाकीच्या खाली ठेवला तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं त्याच्यातच उतरतं. आणि वीज जायला आमच्याकडे ढग दिसले तरी पुरे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावता येतो, पण पंप टाकीपेक्षा उंच टांगायला काहीच पैसे पडत नाहीत. उंच जागा म्हणजे देवघराची फळी. तो तिथं अखंड घरघरू लागला आणि आईचा जप त्याच्या तालावर चालू लागला. दुसऱ्या सकाळी पंपाला देवघरातून निरोप मिळाला.

मग दुकानात वेव्हमेकरची, म्हणजे टाकीतलं पाणी घुसळणाऱ्या यंत्राची, चौकशी केली. किंमत ऐकून माझ्याच तोंडचं पाणी पळालं.

शेवटी माळा धुंडाळला. चवथीच्या देखाव्यात शंकराच्या जटेतून गंगा काढणारा पंप तिथं धूळ खात पडला होता. १८ वॉटचा, एअर कूलरमध्ये असतो तोच. गोव्याच्या दमट हवेत कूलर कोण लावणार? पण गणपतीच्या कृपेनं पंप मात्र घरात.

तो टाकीत सोडला आणि गप्पींची वरात निघाली. काचेला चिकटून गोल, पुन्हा गोल, शेपट्या पुढे आणि डोकी मागे. मग अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, एका टोकाला बूच मारलं आणि तापवलेल्या दाभणानं ओळीनं भोकं पाडली. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा असा वास सुटला की शेजारी फ्यूज बघायला धावत आले. पाइप पाण्याच्या पातळीला आडवा बांधला, भोकं किंचित वर वळवली. धार विभागली, वरचं पाणी नुसतं शहारू लागलं. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला. वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबती सोडली, म्हणजे ओघळ सॉकेटात न शिरता खाली ठिबकतो. आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचाच. स्वस्त पंपाचा भरवसा मी देवाच्या नावावरही धरत नाही.

गप्पी आता मजेत आहेत. प्रश्न काकांचा आहे. चवथ जवळ आली तसा त्यांचा मूळ घरातून फोन आला, "पंप घेऊन ये रे, यंदा गंगा मोठी करायची आहे."

मी सध्या कैलास पर्वताचा प्रचार करतो आहे. तिथं सगळं पाणी गोठलेलं असतं.