पाढे बंद झालेले नाहीत

‘आता मुलंच शोधून शिकणार, बाई शिकवणार नाहीत, पाढेही बंद’ असा मेसेज पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. मी तिसरीला शिकवते, म्हणून हा खुलासा. पाढे रोज होतात.

गेल्या आठवड्यात मटकी भिजवली. एक वाटी खिडकीत, एक कपाटात. अंधारात मोड येणारच नाहीत, असं निम्म्या वर्गाचं म्हणणं. आले की! लांबलचक, पिवळट. मग ‘का?’ सुरू झालं. त्यातला कुठला प्रश्न धरायचा, कुठे समजावून सांगायचं, हे बाईंनीच ठरवायचं. उलट तयारी जास्तच लागते.

आणि हे नवं खूळही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून शिकणं लिहिलेलंच आहे.

कपाटाला अजून वास येतोय, तेवढं मात्र खरं.