मिसळीचे पिन पुरे, आधी कल्हईवाला शोधा

आपल्या ग्रुपवर गेले काही दिवस जो नकाशाचा विषय चाललाय ना, म्हणजे सगळ्यांनी मिळून पुण्यातल्या आपापल्या खात्रीच्या जागा एकाच नकाशावर टाकायच्या, त्यावर तुकड्या तुकड्यात कमेंट लिहून कंटाळले म्हणून इथे सलग लिहितेय. मोठं झालंय. चहा घेऊन बसा.

कल्पना मला मनापासून आवडलीय, हे आधीच सांगते, नाहीतर "ताई तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते" असं लिहायला काही मंडळी टपलेलीच असतात. पण सगळ्यांनी जागा भरायच्या शीटमधे जी पहिली यादी आलीय ती कुणी नीट बघितली का? मिसळ. मिसळ. चुलीवरची मिसळ. मधेच एक मस्तानी, मग परत मिसळ. अहो बेडेकरांकडे मिसळ मिळते, सुजाताकडे मस्तानी मिळते आणि कयानीची श्रूजबेरी बिस्किटं घ्यायला लवकर जावं लागतं हे सांगायला नकाशा कशाला लागतो, हे तर कालपरवा हिंजवडीत नोकरीला लागलेल्या नागपूरच्या मुलाला पण माहिती असतं, आणि नसलं तरी दहा रील येऊन आदळतात त्याच्यावर. तेवढ्यासाठी आपण सगळे राबणार असू तर मला वेळ नाही.

माणूस खरा अडतो कधी? कुकरची शिट्टी बिघडते तेव्हा. मिक्सरच्या भांड्याची पाती फिरत नाहीत तेव्हा. आईच्या पैठणीला कुठेतरी खिळा लागून ओरखडा जातो आणि रफू करणारा हवा असतो, साधा टेलर नको, रफूवालाच हवा. ट्रेकच्या आदल्या दिवशी सॅकची चेन जाते. पितळी पातेल्याची कल्हई उडते. सासऱ्यांची कवळी रविवारी तुटते. साडीला फॉल-पिको परवापर्यंत हवा असतो आणि सगळे म्हणतात आठ दिवस लागतील. अशा वेळी गुगलवर शोधून बघा काय येतं ते. चार मोठी शोरूम येतात, दोन बंद पडलेली दुकानं येतात आणि एक "सर्व्हिस सेंटर" येतं जिथे फोन केला की ते सांगतात की नवीनच घ्या मॅडम, परवडेल. जिन्याखाली मशीन टाकून बसलेला माणूस त्या यादीत नसतो कारण त्याला बोर्डच नाही, त्याचं दुकान म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाची पायरी, आणि त्याला गुगलवर स्वतःची नोंद करायची असते हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ही माणसं आपल्याला माहिती आहेत. फक्त प्रत्येकाला आपापला एकेकच माहिती आहे. माझ्या मते नकाशा करायचा तर याच्यासाठी.

आणि गंमत बघा, जुन्या पुण्याला असल्या नकाशाची गरजच नव्हती. गल्लीचं नावच पुरायचं. तांब्याचं काही असेल तर कसब्यात तांबट आळी. टोपली, सूप, रोवळी हवी तर बुरूड आळी. हार्डवेअर आणि रंग बोहरी आळीत, वायर, दिवे, स्विच तापकीर गल्लीत, पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, आणि ज्याला काय म्हणतात हेच माहिती नाही असा एखादा स्पेअर पार्ट हवा असेल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात. एका दुकानदाराकडे नसलं तर तोच सांगतो "पुढे डाव्या हाताला विचारा", म्हणजे शिफारस पण तिथेच, फुकट. (पत्ते सांगायचे म्हणजे काय, जिलब्या मारुतीपासून आत, पासोड्या विठोबाच्या समोर, खुन्या मुरलीधराच्या मागे. लकडी पुलाला लाकूड राहून किती काळ लोटला आणि कागदावर त्याचं नाव संभाजी पूल आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा एकदा.) ही सोय पेठांबाहेर कुणी केलीच नाही. २०१७ मधे ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मधे आणखी २३, आणि नांदेड, खडकवासला, वाघोलीपासून सूस-म्हाळुंग्यापर्यंत टॉवरच्या टॉवर उभे राहिले पण तिथे कुठल्या आळीत काय मिळतं असा प्रश्नच पडत नाही कारण आळीच नाही. खाली चार गाळे, एक मेडिकल, एक सलून, एक केक शॉप आणि रिअल इस्टेटवाला. शिलाई मशीन दुरुस्त करणारा शोधायला तिथला माणूस अजूनही शहरात येतो. तेव्हा नकाशाची सुरुवात पेठांपासून करायची ही जी टूम निघालीय ती मला अजिबात पटलेली नाही, आधी जिथे खरंच अडतं तिथून करा, पेठेतला माणूस विचारत विचारत कुठेही पोचतो.

आता टेक्निकल भांडण. काहीजण म्हणतायत गुगलचं माय मॅप्स घेऊ, ज्यात आपला स्वतःचा नकाशा करता येतो, सोपं आहे. सोपं आहे, मान्य. पण एका नकाशाला दहाच लेअर मिळतात, म्हणजे एकेका प्रकारच्या जागांचे वेगळे थर, आणि आपल्या शीटमधे प्रकारच आत्ता दहाच्या वर गेलेत. अँड्रॉइडवरचं त्याचं अ‍ॅप २०२१ मधेच बंद झालं, म्हणजे बदल करायचा तर ब्राउझर उघडून बसा, जे आपल्यातले निम्मे लोक करणार नाहीत. दुसरी पार्टी ओपनस्ट्रीटमॅपवाली. तो २००४ मधे इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या माणसाने सुरू केलेला, कुणीही भर घालू शकतो असा खुला नकाशा. त्यात मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो हे मला फार आवडतं, तांबट आळीचं स्पेलिंग काय असा वादच नको. पण तिथले नियम कडक आहेत आणि ते बरोबर आहेत: जागेवर जाऊन कुणीही तपासू शकेल तेवढंच टाकायचं. दुकान इथे आहे, सकाळी दहाला उघडतं, पायरी आहे की रॅम्प आहे, हे चालेल. "काका एकदम भारी काम करतात" हे चालणार नाही. आणि गुगलवरून बघून उतरवायचं तर मुळीच नाही, तो कॉपीराइटचा भाग आहे.

माझं म्हणणं असं की दोन्ही भांडणाऱ्यांचं समाधान यातच आहे. जे तथ्य आहे ते ओपनस्ट्रीटमॅपमधे घाला, ते आपला ग्रुप उद्या बंद पडला तरी राहील, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि जे मत आहे ते आपल्या नकाशावर, यूमॅपसारखं काहीतरी (ओपनस्ट्रीटमॅपवर आपले पिन लावायचं साधन) वापरून त्याच्या वरून लावा. काका कुठे बसतात ते सगळ्या जगाचं, काका भारी आहेत हे आपलं. आणि काहीही वापरलंत तरी दर महिन्याला त्याची एक कॉपी उतरवून दोन वेगवेगळ्या लोकांकडे ठेवा, कारण एडिटची लिंक ज्याच्याकडे आहे असा एखादा उत्साही माणूस एक दिवस लेअरच उडवणार आहे आणि वर "मी काहीच केलं नाही" म्हणणार आहे.

मत लिहिताना मात्र नाव लागेल. इथे मी हटून बसणार आहे. कुणी सांगितलं आणि शेवटचं तिथे कधी गेला होता, महिना आणि साल, या दोन गोष्टी नसतील तर पिन लावायचाच नाही. पाच चांदण्या बिंदण्या काही नकोत. चांदण्यांचं काय झालंय ते आपण बघतोय, गुगलने स्वतःच सांगितलंय की नियमात न बसणारे १७ कोटींच्या वर रिव्ह्यू त्यांनी एकट्या २०२३ मधे काढून टाकले. आपल्याकडे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मधे एक मानकसुद्धा काढलं, तरी "नाइस प्लेस गुड सर्व्हिस" चा पूर काही ओसरलेला नाही. त्यापेक्षा कर्वेनगरच्या एका बाईने "मार्चमधे चेन बसवून घेतली, तासाभरात दिली, शनिवारी बंद असतो" असं लिहिलेलं मला जास्त उपयोगी. नातेवाइकाचं दुकान असेल तर खुशाल टाका, पण माझ्या मेव्हण्याचं आहे असं लिहा, लाजू नका. आणि वर्षभर कुणी ताजा निरोप दिला नाही तर तो पिन करडा करायचा. नकाशा म्हणजे काही लोणचं नव्हे की एकदा घातलं की नुसतं मुरत बसेल. माणसं गावी जातात, म्हातारी होतात, रस्ता रुंदीकरणात पायरीच जाते.

पैसे घेऊन पिन वर दाखवायचा जो प्रस्ताव आला त्याच्याबद्दल एवढंच, की तसं झालं तर मी माझे सगळे पिन काढून घेईन.

आता जरा टोचणारं बोलते. शीटमधल्या जागा मी नकाशावर टाकून बघितल्या. कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव, नारायण, डेक्कन, थोडं औंध-बाणेर, संपलं. कॅम्पात कयानीच्या पलीकडे काही नाही. नाना पेठ, भवानी पेठ, कोंढवा, खडकी, येरवडा कोरे. पिंपरी-चिंचवड तर जणू दुसऱ्या राज्यात आहे. रमझानमधे मोमीनपुऱ्यात रात्री उभं राहायला जागा नसते इतकी खाण्याची गर्दी असते, त्याचा एक पिन नाही. का, तर ग्रुपमधे तिकडचे लोकच नाहीत, आणि यावर एकाने लिहिलं "पण तिकडे जातं कोण". अरे दादा, तिकडे अख्खं शहर राहतं. आपण जे करतोय त्याला "पुण्याचा नकाशा" म्हणायचं असेल तर आधी तिकडची माणसं ग्रुपमधे घ्या, नाहीतर सरळ नाव द्या "लकडी पुलाच्या आसपासचा नकाशा", तेही चालेल, निदान खरं तरी असेल.

बायकांसाठी एक लेअर हवाच, स्वच्छतागृहांचा. यावर हसण्याचे इमोजी टाकणारे सगळे पुरुष होते हे मी बघून ठेवलंय. मुंबईत "राइट टू पी" चळवळीतल्या बायका २०११ पासून हेच सांगतायत की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे घेतात, आणि एवढं करून आत कडी नसते. पेट्रोल पंपावर टॉयलेट असायलाच हवं असा नियम आहे, पण "चावी मॅनेजरकडे आहे" हे उत्तर ऐकलं नाही अशी बाई मला दाखवा. लक्ष्मी रोडला दिवाळीच्या खरेदीला गेलेली बाई दुपारपासून पाणी पीत नाही, हे तुमच्या घरातल्या बाईला विचारून बघा. कुठे आहे, पाणी आहे का, कडी आहे का, रात्री दिवा असतो का, आणि शेवटचं कुणी कधी बघितलं. या एका लेअरसाठी मी बाकीच्या सगळ्या मिसळी सोडायला तयार आहे.

घरून डबे, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ करणाऱ्या काकूंबद्दल सांभाळून. त्यांना विचारल्याशिवाय पिन नको, आणि विचारलं तरी पिन बिल्डिंगवर नको, चौकावर लावा, फ्लॅट नंबर आणि फोन नकोच. एकटी राहणारी बाई असते, कुणीही दार वाजवतं. शिवाय दहा डब्यांची ताकद असलेल्या बाईला एका रात्रीत पन्नास फोन आले की तिचे जुने दहा पण जातात.

आणि काही जागा मुद्दामच नको. धबधबे, काजव्यांची झाडं, कुणाच्या तरी शेतातून जाणारी टेकडीची वाट. कास पठाराचं काय झालं आठवा, २०१२ मधे पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात नाव आलं, आणि गर्दीपुढे शेवटी माणसं मोजून सोडायची वेळ आली. देवकुंड धबधब्याला पावसाळ्यात बंदीचे आदेश काढावे लागले. भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला गाड्यांचे दिवे पेटवून लोक जातात, म्हणजे काय बघतात देव जाणे. तुम्हाला माहिती असलेला ओढा तुमच्याजवळच असू द्या, मित्राला न्यायचं तर हात धरून न्या.

वाईट अनुभवांचा लेअर पण नको असं माझं मत आहे. मलाही एका दुकानदाराबद्दल पानभर लिहायचंय, पण त्याचा पिन नसणं हेच पुष्कळ बोलतं, पुणेकराला तेवढं कळतं.

तर सिंहगड रोड, धायरी ते खडकवासला हा पट्टा मी घेते, सांभाळायला पण मीच. बाकीच्या भागांना एकेक पालक द्या, नुसता उत्साह नको. आणि सध्या कल्हईवाला कुठे बसतो हे ज्याला नक्की माहिती असेल त्याने खाली लिहा, चौक आणि वार दोन्ही. "मलाही हवंय", "फॉलोइंग" आणि "डीएम करा" लिहिणाऱ्यांच्या कमेंट मी उडवणार आहे.