मुंबईत मराठी चॅनेल ‘वरून’ का घ्यायला लागतात?

नवीन डिश कनेक्शन घेताना मुंबईतला डीलर काय करतो तर आधी हिंदीचा पॅक लावून मोकळा होतो, आणि आपण मराठीचं विचारलं की म्हणतो, “ते वरून टाकून देतो ना, पन्नास-साठ रुपये जास्त लागतील.” आता मला सांगा, महाराष्ट्राच्या राजधानीत मराठी वरून आणि हिंदी आतून, हे कोणी ठरवलं? माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा पाहिजे. बॉक्स चालू करायच्या आधी गिऱ्हाईकाला विचारा की घरात कुठली भाषा बघतात, मग त्या भाषेचे चॅनेल आधी टाका आणि बाकीचं ज्याला पाहिजे तो वरून घेईल. हिंदीवर राग वगैरे अजिबात नाहीये, आमच्याकडे क्रिकेट आणि रात्रीचा पिक्चर हिंदीतच चालतो.

लोक म्हणतील आता कोण टीव्ही बघतं, सगळं मोबाईलवर आहे. तुमच्या घरात असेल हो. माझी मावशी भांडुपला राहते, सत्तरीच्या पुढची, तिला मोबाईलवर सिरियल बघ म्हटलं तर चष्मा पुसत बसते आणि शेवटी फोन उपडा ठेवून देते. तिला भिंतीवरचा टीव्ही, हातात रिमोट आणि संध्याकाळी सातपासून साडेनऊपर्यंत मराठी एवढंच हवंय. अशी घरं लालबागपासून बदलापूरपर्यंत किती असतील विचार करा.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, भाषेच्या बाबतीत डिशने जे केलं ते केबलने कधीच केलं नव्हतं. केबलचा जमाना आठवा. एरियाचा केबलवाला म्हणजे राजा. त्याच्या एरियात गुजराती घरं जास्त तर गुजराती चॅनेल झकास, मराठी घरं जास्त तर मराठी झकास, आणि तुम्ही तिसरेच असाल तर बसा मुंग्या बघत. ॲनालॉग वायरीत जागाच मोजकी असायची, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं ते तो ठरवणार. २००६ च्या शेवटी दक्षिण मुंबईत कॅस (म्हणजे पे चॅनेल बॉक्स लावूनच दिसायचे ती पद्धत) आलं, मग ३१ ऑक्टोबर २०१२ ला अख्ख्या मुंबईतली ॲनालॉग केबल बंद करून सेटटॉप बॉक्स सक्तीचा केला, तेव्हा कुठे केबलवाल्याकडे जागा वाढली. डिश त्याच्या आधीच आली होती, डिश टीव्ही २००३ ला, टाटा स्काय (आताचं टाटा प्ले) २००६ ला. आणि डिशला एरिया कळतच नाही. सिग्नल वरून येतो तो सगळ्या देशावर सारखाच पडतो, त्यामुळे इंदूरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या मराठी माणसाला घरबसल्या मराठी मिळायला लागलं आणि इकडे आमच्या नाक्यावरच्या उडुपी हॉटेलातल्या अण्णांना कन्नड. गल्ल्याच्या वर टीव्ही, त्यावर सकाळी सकाळी कन्नड बातम्या आणि खाली आम्ही इडली-वडा सांबार खातोय. केबलवर अण्णांना ते मागून मागून मिळालं नव्हतं. माटुंग्यातल्या तमिळ घरांना तरी केबलवाला विचारायचा, भांडुपमधल्या एकट्या-दुकट्या अण्णाला कोण विचारणार?

पण हाच जो फायदा आहे ना, तोच छोट्या मराठी चॅनेलच्या मुळावर येतो. म्हणजे कसं, मराठी चॅनेल बघणारे बहुतेक महाराष्ट्रातले, पण उपग्रहावरची जागा तो चॅनेल देशभराच्या हिशोबाने खातो. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहावरच्या सिग्नल खाली पाठवणाऱ्या यंत्रावर, जागा ठरलेली असते, त्यात एका हिंदी चॅनेलला जेवढी लागते तेवढीच मराठीला लागते, आणि एचडी असेल तर जास्तच. मग कंपनी हिशोब करणार की या जागेत देशभर बघितला जाणारा चॅनेल टाकू की एका राज्यातला. ट्राय म्हणजे टीव्ही-टेलिफोनचे नियम करणारी सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमात कॅरेज फी, म्हणजे चॅनेलने आपल्याला दाखवण्यासाठी कंपनीला द्यायचे पैसे, एसडी (म्हणजे साध्या, एचडी नसलेल्या) चॅनेलला ग्राहकामागे महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे ठेवले होते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डिश कंपनीचे ग्राहक देशभर पसरलेले कोट्यवधी, त्यांना गुणा म्हणजे कळेल. आणि जितके जास्त ग्राहक चॅनेल घेतात तितकी फी कमी होत जाते, २० टक्क्यांच्या वर गेलात तर फी शून्य. मराठी चॅनेल देशभराच्या ग्राहकांत २० टक्के कुठून आणणार? आपली लोकसंख्याच तेवढी नाही! म्हणजे ज्याला गरज त्यालाच भुर्दंड. पुढे २०२० मध्ये ट्रायने एका चॅनेलला देशभरासाठी महिन्याला ४ लाखांची मर्यादा घातली तेव्हा जरा श्वास घेता आला. हे नियम कोणी वाचत नाही, मीही सहसा नसतो वाचत, पण आपल्या घरात कुठला चॅनेल दिसतो आणि कुठला दिसत नाही ते असल्या कलमांवर ठरतं, सिरियल चांगली की वाईट त्यावर नाही.

आता पैशांचं. फेब्रुवारी २०१९ पासून आपल्याला एकेक चॅनेल निवडून घ्यायचा हक्क आहे. हक्क म्हणजे खरोखरचा, कंपनीला सुटा चॅनेल द्यावाच लागतो आणि त्याची किंमत जाहीर करावी लागते. सुरुवातीला १०० चॅनेलसाठी १३० रुपये नेटवर्क फी (चॅनेलच्या किमतीखेरीज कनेक्शनचे म्हणून द्यायचे पैसे) होती, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, नंतर २०२० पासून त्याच १३० मध्ये २०० चॅनेल झाले आणि दूरदर्शनचे सक्तीचे चॅनेल त्या मोजणीच्या बाहेर गेले. २०२४ पासून ही फी किती ठेवायची ते कंपन्यांवर सोडलंय, त्यामुळे तुमच्याकडे किती लावलीये ते बिलात बघा. पण जुन्या १३० नेच मावशीचा हिशोब करू. तिला चार पे चॅनेल लागतात, सगळे मराठी. बुकेत, म्हणजे ब्रॉडकास्टरच्या पॅकमध्ये, बसणाऱ्या चॅनेलची किंमत जास्तीत जास्त १९ रुपये, मधे ती १२ करायचं घाटत होतं, नंतर परत १९ वर आली. चारही चॅनेल १९ चेच धरा, ७६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले ८९ रुपये ६८ पैसे. फी धरून २४३ रुपयांत खेळ खल्लास. फ्री टू एअर मराठी चॅनेल फुकटात टाकता येतात ते वेगळे. आणि मावशी भरत किती होती? साडेतीनशेच्या वर! यादी उघडून बघितली तर हिंदी सिनेमाचे चॅनेल ढिगाने, लहान मुलांचे कार्टून, दोन-तीन इंग्लिश, आणि मराठी सगळ्यात खाली ‘ॲड-ऑन’ म्हणून लावलेले. घरात लहान मूल नाही. कार्टून कोणासाठी?

मी कस्टमर केअरला फोन लावला. कंपनीचं नाव घेत नाही, दुसरीकडे काही वेगळं असेल असं मला वाटत नाही. भाषा निवडा म्हटल्यावर मराठी दाबलं, मशीनबाई छान मराठी बोलली, पण माणूस आला तो “जी सर बताइए”. मी मराठीतच बोलत राहिलो, त्याला कळत होतं सगळं, उत्तर हिंदीत. सुटे चॅनेल लावायचेत म्हटलं तर म्हणाला सर पॅक में फायदा है, मी म्हटलं मला फायदा नको, चार चॅनेल हवेत. परत तेच, पॅक में ज्यादा चॅनेल आते हैं. अरे बाबा ज्यादा नकोच आहेत! शेवटी ॲपवर जाऊन स्वतः एकेक टिक काढत बसलो. ते ॲपही असं बनवलंय की पॅक समोर मोठ्ठा रंगीत आणि सुटे चॅनेल कुठेतरी तीन पानं आत. सत्तरीतली बाई हे करू शकेल का? आणि डीलरला तरी कशाला बोला, पॅक लावणं हे एका बटणाचं काम, सुटे चॅनेल लावायचे म्हणजे अर्धा तास बसायला लागतं आणि त्याचे कोणी त्याला पैसे देत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले, मीही टाकला. दुकानांच्या पाट्या मराठीत पाहिजेत म्हणून केवढं रान उठलं, ते उठायलाच पाहिजे होतं. पण घरातल्या बॉक्समध्ये काय भरलंय याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पाटी रस्त्यावरून जाताना दोन सेकंद दिसते हो, टीव्ही रोज तीन तास चालू असतो.

फ्री डिशचं तर अजूनच वेगळं. दूरदर्शनची ही फुकट सेवा डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस नावाने ३३ चॅनेल घेऊन सुरू झाली, छत्री (डिशचा अँटेना) आणि बॉक्सचे पैसे एकदाच द्यायचे, मग महिन्याचं काही नाही. आज चार कोटींच्या वर घरांत आहे असा अंदाज सांगतात. पे डिशवाले मात्र उतरणीला लागलेत, ट्रायच्या आकड्यांत २०२० च्या अखेरीला ७ कोटींच्या आसपास होते ते मार्च २०२४ ला ६ कोटी २० लाखांवर आले. म्हणजे ज्याला दर महिन्याचा रिचार्ज परवडत नाही त्याचा टीव्ही म्हणजे फ्री डिश. आणि तिथे मराठी किती? दूरदर्शनचं सह्याद्री आहे, आणि लिलावात जागा घेतलेले काही फुकट मराठी चॅनेल येऊन-जाऊन असतात, तिथले हिंदी चॅनेल मोजायला घेतले तर बोटं पुरत नाहीत. आपण ज्यांची नावं घेतो ते मोठे मराठी मनोरंजन चॅनेल पे आहेत म्हणून तिथे नाहीतच. हिंदीत हेच ब्रॉडकास्टर जुन्या सिरियल दाखवणारा दुसरा फुकट चॅनेल फ्री डिशवर ठेवत आलेत, परवडलं नाही तर काढतात, परत आणतात. मराठीत १९९९ पासूनच्या सिरियल कपाटात पडून आहेत, त्यांचा असा एखादा चॅनेल चालणार नाही का? मला वाटतं धावेल. पण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने प्रादेशिक भाषांना जागा राखून, स्वस्तात, कायमची द्यायला पाहिजे, दर लिलावाला चॅनेल गायब झाला तर बघणाऱ्याने काय करायचं, दर वर्षी नव्याने शोधायचं?

सह्याद्रीबद्दल दोन शब्द. त्याचं वरळीचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, सह्याद्री हे नाव नंतरचं, सगळ्या कंपन्यांना ते दाखवावंच लागतं, पैसे लागत नाहीत, आणि सातच्या बातम्यांत कोणी ओरडत नाही. एवढं पुरे.

आता मुंबईची खास अडचण, ज्याबद्दल पुण्या-नाशिकवाले हसतील. आपल्याकडून बघितलं तर डिशचे हे उपग्रह आग्नेयेच्या बाजूला येतात, फ्री डिशचा ९३.५ अंश पूर्वेला आहे, त्याच्यासाठी छत्री आग्नेयेकडे आणि बऱ्यापैकी वर तोंड करून बसवावी लागते. चाळीच्या गच्चीवर प्रश्न नव्हता. आता रिडेव्हलपमेंटमध्ये फ्लॅट मिळतो तो वायव्येकडे तोंड करून, गच्चीवर सोसायटी छत्री लावू देत नाही, “एलिव्हेशन खराब होतं” म्हणे, आणि लावू दिली तरी शेजारी दुसरा टॉवर उभा राहतो आणि सिग्नल खलास. पावसाचं तर बोलायलाच नको, जुलैत धो धो लागला की ऐन क्लायमॅक्सला चौकोन चौकोन आणि ‘नो सिग्नल’. पाऊस जरा सरला की येतं परत, तेवढ्यात मावशी भजीचं पीठ कालवून घेते.

मावशीच्या बिल्डिंगसमोर आता नेमका तोच प्रकार चाललाय, टॉवरचा सोळावा-सतरावा मजला चढतोय आणि सिग्नलची पट्टी दर महिन्याला थोडी थोडी खाली येतेय. छत्री किचनच्या खिडकीतून हॉलच्या ग्रिलवर आणली तर मिळेल असं एक जण म्हणाला, दुसरा म्हणतो केबलच घ्या. भांडुप-मुलुंड भागात कोणाकडे सगळ्या मराठी चॅनेलवाली केबल असेल, सुटे चॅनेल लावून देतात का आणि महिन्याला नक्की किती पडतात, कमेंटमध्ये टाका. पॅकची जाहिरात करणाऱ्यांनी कृपया लांब राहा.