नाशिकला? तीन दिवस?

आमच्या ऑफिसात रजा तोंडी मंजूर होते आणि लेखी अडकते, म्हणून मी आधी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो. "शनिवार, रविवार आणि सव्वीस जानेवारीचा सोमवार जोडून नाशिकला चाललोय. शुक्रवारी जरा लवकर निघू का?" एवढंच विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाशिकला? तीन दिवस?" आणि मग आवाज एकदम खाली. "नारायण नागबळी का?"

त्र्यंबकेश्वरला होणारा हा विधी तीन दिवसांचा असतो. घरात मूलबाळ होत नसेल, पितरांचं काही राहिलं असेल, धंदा बसला असेल, तर माणसं तिकडे जातात. साहेबांच्या हिशेबात नाशिक अधिक तीन दिवस याचं उत्तर एकच येत होतं. मी म्हणायला हवं होतं, "नाही साहेब, बायकोबरोबर वाइन प्यायला." पण जीभ रेटेना. "तसंच काहीसं," म्हणालो. अख्खा शुक्रवार मिळाला.

चहापर्यंत बातमी मजलाभर झाली. अकाउंट्समधल्या बाईंनी कॉफीच्या मशीनपाशी गाठून हातात चिठ्ठी सरकवली. तीवर त्र्यंबकच्या एका गुरुजींचा नंबर होता. "आमच्या दिरांचं यांनीच केलं. सगळं सुरळीत झालं हो." त्यांच्या नजरेत इतकी माया होती, की क्षणभर मलाच वाटलं, आपल्या घरात काहीतरी बिघडलेलं असणार.

बिघडलेलं फक्त एवढंच होतं, की आमच्या लग्नाला वीस वर्षं होत होती आणि मंजिरीच्या मैत्रिणीनं एक फोटो टाकला होता. मागे गंगापूर धरणाचं पाणी, मधे वेलींच्या रांगा, पुढे मैत्रीण, डोक्यावर हॅट आणि हातात ग्लास. "हे नाशिक आहे?" मंजिरीनं मलाच जाब विचारला, जणू हे नाशिक मी इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं. आम्ही नाशिकला चार वेळा गेलो होतो: दोनदा अस्थी घेऊन, एकदा मुंजीला आणि एकदा चुकून, शिर्डीचा रस्ता चुकल्यामुळे. द्राक्षाचा वेल म्हणून जवळून पाहिला नव्हता. २००० साली सुला या नाशिकच्या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली, त्यानंतर दिंडोरी, निफाड, इगतपुरीपर्यंत वायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि आम्ही आपले रामकुंडावर पायऱ्या मोजत होतो.

खोलीचा दर पाहिला. त्या पैशांत वीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नाचा हॉल मिळाला होता, दोन पंगतींसकट. द्राक्षबागेकडे तोंड असलेली खोली त्याहून महाग. "वेल काय रात्री दिसणार आहेत?" मी म्हणालो. मंजिरीनं उत्तर दिलं नाही आणि पैसे भरले. माझ्या कार्डातून.

मग तयारी सुरू झाली. वाइन नुसती पीत नाहीत, चाखतात, हे तिला एका व्हिडिओतून कळलं. माळ्यावरून लग्नात आलेले पाय असलेले सहा ग्लास निघाले. खोकं अजून जिलेटीनमध्ये होतं. त्यात कोकम सरबत ओतून ती जेवणाच्या टेबलाशी बसली. आधी ग्लास तिरका करून पांढऱ्या टेबलक्लॉथवर रंग बघायचा, मग गोल फिरवायचा, मग नाक आत घालायचं. "सोविन्यों ब्लांकला हिरव्या मिरचीचा वास येतो म्हणे," ती डोळे मिटून म्हणाली. "शेनिन ब्लांकला पेरूचा."

आई भाजी निवडत समोर बसली होती. "साखर विरघळली नाही का गं?" तिनं विचारलं. "चमच्यानं ढवळ ना. किती वेळ फिरवत बसलीस!"

आईला आम्ही सांगितलं नव्हतं. सांगणार होतो. आईची वाइनबद्दलची भूमिका आम्हाला २०२२ पासून ठाऊक आहे. तेव्हा सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि टीव्हीवर एक पुढारी सांगत होते, की वाइन म्हणजे दारू नव्हे. आईनं टीव्हीलाच विचारलं होतं, "मग काय, पन्हं?"

शेवटी मी म्हणालो, "आई, आम्ही जरा नाशिकला जाऊन येतो." आईचा चेहरा असा काही उजळला, की पुढचं वाक्य माझ्या घशातच राहिलं. तिच्या डोळ्यांसमोर काळाराम, सीतागुंफा, नंदी नसलेला कपालेश्वर आणि त्र्यंबक अशी गाडी सुटली होती. "मला वाटलंच होतं, विसाव्या वर्षाला तुम्ही देवदर्शन करणार." मग जराशानं, अगदी सहज, "मी काय, मागच्या सीटवर बसेन."

मंजिरी हातातल्या कोकमाकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

आई येणार म्हणजे आत्या आलीच. आत्या जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात राहते. लाकडी जिना, प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची, आणि वर गेल्यावर एक खिडकी, जिच्यातून शेजारच्या वाड्याचं स्वयंपाकघर दिसतं. "माणसं असताना हॉटेलात उतरायचं?" आत्या फोनवर म्हणाली. "आणि रविवारी रथसप्तमी आहे. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. वहिनीला म्हणावं, वाण इकडेच लुटू." आईनं त्याच संध्याकाळी तुळशीबागेतून स्टीलच्या चाळीस वाट्या आणल्या. त्या गाडीच्या डिकीत गेल्या. डिकीत मंजिरीनं सहा बाटल्यांची जागा मोजून ठेवली होती.

मुलगी एकोणीस वर्षांची. वाइनचं वय एकवीस, त्यामुळे वायनरीत तिला फक्त पिझ्झा मिळणार होता. यावरून ती रुसली आणि रुसव्याच्या बदल्यात पांडवलेणी मागून घेतली. इतिहास शिकते. "बाबा, तिथं गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. सातवाहनांची राजमाता. गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचं तिनं केलेलं वर्णन आहे त्यात."

"बघ," आई मला म्हणाली. "आईनं मुलाचं कौतुक दगडात कोरून ठेवलंय."

त्या सातकर्णीनं आईला मागे ठेवून द्राक्षबागेतली खोली बुक केली नव्हती, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही.

आता वेळापत्रक. मी कागद घेतला. शनिवारी पहाटे निघायचं. (शुक्रवारच्या रजेत आईनं गुळाच्या वड्या करायचं ठरवलं होतं आणि तीळ भाजायला मी होतो.) पुणे-नाशिक अंतर दोनशे दहा किलोमीटर, पण ते कागदावर. मधे चाकण आहे. चाकणला माणूस गाडी चालवत नाही, गाडीत राहतो. रेल्वेनं जावं तर पुण्याहून नाशिकला सरळ लोहमार्गच नाही, एक तर कल्याणकडून वळसा नाही तर मनमाडकडून. तेव्हा चाकण, मग नारायणगावला मिसळ, मग संगमनेर, सिन्नर, आणि दुपारी कधीतरी आत्या. आत्याकडे जेवण झालं, की संध्याकाळ होणार हे गृहीत. शिवाय ती म्हणाली होती, "सिंहस्थाची कामं चाललीत, कुठला रस्ता कधी बंद असेल सांगता येत नाही. गाडी लांब लावा आणि चालत या." रविवारी सकाळी पंचवटी, मग लेणी, मग हळदीकुंकू. म्हणजे सगळं काढून टाकल्यावर मंजिरीच्या वाट्याला उरला सोमवार.

"सोमवार सगळा तुझा," मी वीस वर्षांतला सर्वात उदार आवाज काढून म्हणालो. "आईला आत्याकडे ठेवू. सकाळी अकरापासून तू, मी आणि वेल. जानेवारी म्हणजे काढणीचे दिवस, गोडी छाटणीची द्राक्षं आता उतरायला लागलेली असतील." हे शेवटचं मी आत्याच्या दिंडोरीच्या पुतण्याकडून ऐकलं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीला गोडी छाटणी म्हणतात आणि एप्रिलच्या छाटणीला खरड छाटणी. मंजिरीला नाव आवडलं. तिनं हॅट मागवली.

राहता राहिलं त्र्यंबक. आईला त्र्यंबक हवंच होतं आणि कागदावर जागा नव्हती. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नमस्कार, त्र्यंबकहून बोलतोय. तुमच्या ऑफिसातल्या बाईंनी नंबर दिला. तुम्ही फोन केला नाहीत, म्हटलं आपणच करावा. नागबळीला मुहूर्त लागतो. तुम्ही म्हणता त्या तीन दिवसांत तो नाही."

मला इतकं हायसं वाटलं, की मी लगेच म्हणालो, "नाही नाही, नागबळी नाहीच. आईच्या समाधानासाठी नुसता अभिषेक. शनिवारी रात्री उशिरा किंवा रविवारी पहाटे जमेल?"

"मुक्काम कुठे?"

"गंगापूर धरणाकडे." मी आवाज बारीक केला. आई आत होती.

"धरणाकडे कुठे?"

मी नाव सांगितलं. पलीकडे शांतता पसरली. आता शाप येणार अशा बेतानं मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"म्हणजे वायनरीत," गुरुजी म्हणाले. "बरं आहे की. तिथून त्र्यंबक जवळ पडतं. आमचे बरेच यजमान आता तिकडेच उतरतात. खोली बागेच्या बाजूची घेतलीत ना? रस्त्याच्या बाजूला गाड्यांचा आवाज येतो."

"बागेच्या बाजूचीच आहे," मी म्हणालो. मंजिरी बरोबर होती, हे मला एका गुरुजींकडून कळावं हे बरं नव्हे.

"मग सोमवारी सकाळी या अभिषेकाला. महादेवाचा वार आहे."

"सोमवारी नको, गुरुजी. सोमवारी आमचं जरा... दुसरं ठरलंय."

"सोमवारी कसलं दुसरं? सव्वीस जानेवारी आहे. ड्राय डे," गुरुजी म्हणाले. "ते तुमचं रविवारी उरकून घ्या."